साठाव्या एपिसोडला चंद्रा मरणार होती

शोभाताईंनी शेवटच्या एपिसोडची स्क्रिप्ट पाठवली आणि तिच्यात चंद्रा मेलेलीच नव्हती.

मी पानं पुन्हा वर-खाली केली. एखादं पान पाठवायचं राहिलं असेल असं वाटलं. तसं काही नव्हतं. चंद्रा ठणठणीत होती. अंगणात धान्य पाखडत होती आणि रायाजीला त्याच्या घोड्याच्या खुरावरून चार शब्द सुनावत होती. मध्ये रायाजीचं रुईच्या झाडाशी लग्न लावल्याचा एक विचित्र प्रसंग होता. त्याच्यापुढे मी 'हे काय?' असं लिहिलं आणि फोन लावला.

"शोभाताई, आराखड्यात काय ठरलंय?"

"माहितीये मॅडम."

"चंद्रा डोहात उडी घेते, रायाजी तिच्यामागे. मंगळवारी रेकॉर्डिंग आहे."

"माहितीये," त्या पुन्हा म्हणाल्या. "पण मी नाही मारणार तिला. तुम्हाला मारायची तर मारा."

आणि त्यांनी फोन ठेवला. आठ महिन्यांत त्यांनी माझ्याआधी कधी फोन ठेवला नव्हता.

इथे थोडं आमच्या कामाचं सांगायला हवं. मी स्क्रिप्ट एडिटर. कॉलेज रोडला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. मोबाइलवर ऐकायच्या मालिका आम्ही बनवतो. बाया पोळ्या लाटताना ऐकतात, ड्रायव्हर गाडी चालवताना ऐकतात. लेखक लिहितो, मी तपासते, कलाकार माइकसमोर बोलतात, आणि ते सगळं एका अ‍ॅपवर जातं. अ‍ॅप दुसऱ्या कंपनीचं. आम्ही फक्त माल करून देणारे.

लिहिण्याआधी आराखडा बनतो. कुठल्या एपिसोडमध्ये काय घडणार, कोण कधी मरणार, हे त्यात असतं. अ‍ॅपवाल्यांनी हो म्हटलं की आराखडा 'लॉक' होतो. लॉक म्हणजे मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. याआधी बावीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याची चूक शोधणं हा माझा पिंड आहे. स्वतःची सापडायला जरा वेळ लागतो, ते पुढे येईलच.

या मालिकेची कल्पना शोभाताईंची. त्या लासलगावजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका. दुपारी मुलं खाऊन घरी गेली की लिहायच्या. पहिल्यांदा त्यांनी एक पान पाठवलं होतं. पेशवाईच्या अखेरचा काळ, एका कुणब्याची तरुण विधवा सून चंद्रा, आणि गावात घोड्यांसाठी वैरण गोळा करायला आलेला रायाजी नावाचा एक अविवाहित शिलेदार. भाषा अशी की, मी ते पान तीनदा वाचलं. शेवट मात्र त्यांनी लिहिला नव्हता.

तो आम्ही लिहिला. आम्ही म्हणजे मी आणि विक्रांत. विक्रांत स्टुडिओचा मालक. वयानं माझ्या मुलाएवढा, पण ऑफिसात सगळे 'सर' म्हणतात म्हणून मीही म्हणते.

"हिस्टॉरिकल रोमान्स आहे मॅम," तो म्हणाला होता. "शेवटी दोघं गेलीच पाहिजेत. जगली तर नुसती लव्हस्टोरी. मेली तर अमर प्रेम."

"विष घेते असं दाखवू या?" मी विचारलं होतं.

"विष ऐकू येत नाही मॅम. पाणी ऐकू येतं. गोदेचा डोह टाका. साउंडला मजा येईल."

मी डोह टाकला. खोटं कशाला सांगू, मला तो शेवट पटलाही होता. तो काळच तसा, विधवेपुढे दुसरं होतं काय? आमच्याकडे माझ्या पणजीचा एक फोटो आहे. विधवेचं लाल आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर ओढलेला, पदराखाली केस नाहीत. सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि न्हावी बोलावला. माझ्या डोक्यात 'पूर्वीची विधवा' म्हटलं की तोच फोटो. म्हणून बाराव्या एपिसोडमध्ये मी स्वतः, माझ्या हातानं, चंद्राच्या केशवपनाचा प्रसंग घातला. वस्तऱ्याचा आवाज आमच्या साउंडवाल्यानं सुरेख केला होता. अ‍ॅपवर एपिसोडच्या खाली रडक्या तोंडांच्या चित्रांचा पाऊस पडला. मी खूश होते.

तर, शोभाताईंनी फोन ठेवला, आणि मी विक्रांतच्या केबिनमध्ये गेले.

"लॉक झालंय ना?" तो म्हणाला.

"झालंय."

"मग प्रॉब्लेम काय आहे? तुम्ही जा आणि समजवा. गावाकडची बाई आहे, समोर बसून बोललं की ऐकेल."

'गावाकडची बाई' हे मला खटकलं. पण मुद्दा मला त्याचाच बरोबर वाटत होता. ठरलं ते ठरलं. शनिवारी सकाळी मी लासलगावची एसटी धरली.

मार्केट यार्डाच्या अलीकडेच कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडला होता. पुढचं अंतर रिक्षानं गेले. पोचायला एक वाजला. शोभाताईंनी आधी जेवायला वाढलं. भांडायला आलेल्या माणसाला आधी जेवायला वाढलं की त्याची निम्मी हवा जाते. त्यांची आई सोनाबाई पलीकडे भिंतीला टेकून बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, किरकोळ अंगाच्या, नजर मात्र तिखट.

"ह्याच का त्या नाशिकच्या बाई?" त्यांनी विचारलं. "आमच्या चंद्रीच्या?"

"हो आई. ह्याच तपासतात माझं लिहिलेलं."

तीनच्या सुमाराला शेजारच्या पाच-सहा बाया येऊन बसल्या. शोभाताईंनी मोबाइल एका रिकाम्या पातेल्यात उभा ठेवला. पातेल्यात ठेवला की आवाज घुमतो. रोजचा कार्यक्रम होता हा. त्या दिवशी बावन्नावा एपिसोड होता. त्यात रायाजी चंद्राला सांगतो की, मी स्वारीवर जाणार नाही, तुझ्याशी घर करीन. बायांनी पदर तोंडाला लावून ऐकलं. शेवटचं संगीत वाजलं तशा सोनाबाई म्हणाल्या, "चला. आता पाट लागंल तिचा."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. पावसाळा जवळ आला की पेरणी होणार असं म्हणावं, तितक्या सहजपणे.

"पाट लागेल म्हणजे?" मी विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"पाट म्हंजी पाट," सोनाबाई म्हणाल्या. "बाईचा नवरा मेला, बाई तरणी असली, त दुसऱ्याबरुबर पाट लावायचा. वाजतगाजत नाय लावायचा. अंधाऱ्या पाखात, रातच्याला, चार मान्सं बसवून. पह्यल्या घरचे डागिने परत द्यायचे आन दुसऱ्या घरी जायचं. गडी कोरा असला, म्हंजी त्याचं लगीनच झालेलं नसलं, त आधी त्याचं रुईच्या झाडाशी लगीन लावायचं. मंग पाट. तुमच्यात नव्हतं का ह्ये?"

रुईचं झाड. माझा 'हे काय?' डोळ्यांपुढे आला.

"नाही मावशी," मी म्हटलं. "आमच्यात डोकं भादरायचे."

"आगं बाई!" त्यांनी गुडघ्यावर हात मारला. "तरीच! त्या बाराव्या भागात चंद्रीचं डोकं भादारलं, तवा म्या शोभीला म्हन्लं, ही आपली चंद्री नाय. ही कोन्या बामनाची पोर धरून आनली. आमच्यात कोन भादारत व्हतं? बाईनं शेतात जायचं का न्हाव्यापुढं बसून राह्यचं?"

बाया खदखदून हसल्या. मलाही हसू आल्यासारखं झालं.  बावीस वर्षं दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ काढणारी मी, आणि एका कुणब्याच्या सुनेवर आमच्या घरातला वस्तरा फिरवून बसले होते. आणि त्याच्यावर रडक्या तोंडांची दाद घेतली होती.

बाया गेल्या. शोभाताई चहा टाकायला आत गेल्या, मी त्यांच्यामागे गेले.

"चंद्रा कोण आहे शोभाताई?"

त्यांनी आधी चहात साखर घातली. मग हळू आवाजात सांगितलं, "आईची आई. काळ मी मागं नेला, पण बाई तीच. पहिला नवरा पटकीनं गेला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची. मग माझ्या आजोबांशी पाट लागला. चांगला संसार केला तिनं. पण पाटाची बायको म्हणून लग्नाकार्यात तिला पुढं येऊ द्यायचे नाहीत. हळदीला हात लावू द्यायचे नाहीत. आणि आईला सगळे म्हणायचे, पाटाचीची पोर. आई मोठी झाली तोवर गावातल्या मोठ्या घरांनी पाट बंद केला होता. आमच्यात असलं कधी नव्हतंच, असं म्हणायला लागले. मग आईही गप बसली. आम्हा भावंडांना तिनं काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"वडील गेले त्या वर्षी एकदाच बोलली. तेवढ्यावर मी ते पान लिहून तुम्हाला पाठवलं. आता मालिका सुरू झाल्यापासून रोज बोलतीये. ह्या बायांसमोर बोलतीये मॅडम. माझी आई पाटाची होती, असं तोंडानं म्हणतीये. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा. आणि आता मी तिला साठाव्या भागात काय ऐकवू? की तुझ्या आईनं खरं तर जीव द्यायला पाहिजे होता? जगली म्हणून तिची गोष्ट सांगण्यासारखी नाही?"



"मग आराखड्यावर सही का केलीत?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायला नको होता, पण नोकरी माणसाच्या तोंडातून बोलते.

"पहिलंच काम होतं. सही केली नसती तर दिलं असतं का? आणि मी बाराव्याच्या वेळी पाठवलं होतं तुम्हाला, बोलून. सगळं सांगितलं होतं. तुम्ही अंगठा पाठवला. मला वाटलं तुम्हाला पटलं."

परत येताना एसटीत मी आमची व्हॉट्सअ‍ॅपवरची जुनी बोलणी मागे सरकवत नेली. ती सापडली. चार मिनिटांची व्हॉइस नोट. शोभाताईंनी पाट काय, रुई काय, दागिने परत करणं काय, सगळं नीट समजावून सांगितलं होतं. 'मॅडम, आमच्यात केशवपन नव्हतं, तेवढं काढाल का?' असं दोनदा म्हटलं होतं. त्या दिवशी मी सुरुवातीची दहा सेकंदं ऐकून अंगठा पाठवला होता. ऐकायच्या मालिका बनवणारी बाई मी. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

रविवारी वाचनालयात जाऊन बसले. शोभाताईंवर अविश्वास म्हणून नव्हे, विक्रांतसाठी कागद हवा होता म्हणून. जुन्या नोंदींमध्ये पाट होता, रुई होती, अंधारा पंधरवडा होता. सोनाबाईंनी गुडघ्यावर हात मारून जे सांगितलं, ते सगळं छापील होतं. पानांचे फोटो काढले आणि सोमवारी दहाला केबिनमध्ये हजर झाले.

"समजावलं?" विक्रांतनं विचारलं.

"मलाच समजावलं त्यांनी," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. फोटो दाखवले.

त्यानं फोटोंकडे नीट पाहिलंही नाही. "असेल मॅम. पण आपल्याला डॉक्युमेंटरी नाही करायची."

"सर, डॉक्युमेंटरीचा प्रश्न नाही. शोकांत शेवट कधी खरा वाटतो? पुढच्या सगळ्या वाटा बंद झाल्या की. इथे वाट उघडी आहे. गावातल्या प्रत्येकाला ती माहिती आहे. चंद्राला माहिती आहे, रायाजीला माहिती आहे. फक्त तुम्हाला आणि मला माहिती नव्हती. मग ती डोहापर्यंत जातेच कशाला?"

"प्रेमासाठी."

"प्रेमासाठी माणूस जगतं! मरायला कारण लागतं. कारण द्या मला."

"लिसनर कारण विचारत नाही मॅम. लिसनर रडतो."

माझा आवाज चढला होता. बाहेरचे लोक काचेतून बघत होते. बघू देत. मी खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे दुसरा मार्ग सांगितला. मला काही गोड शेवटाचं वेड नाही. दुःखाचा शेवट हवाय ना, मग खरा दुःखाचा करू. चंद्रा पाट लावायचं ठरवते. पण सासरच्या गावच्या पाटलाला त्याची जमीन कसणारे तिचे हात सोडायचे नाहीत, म्हणून तो पंचांना फितवतो. पंच नाही म्हणतात. वाट होती, ती माणसांनी बंद केली. मग ती डोहावर गेली तर मी स्वतः तो प्रसंग लिहून देते, आणि ऐकणारा रडेल तेव्हा कुणावर चिडायचं हेही त्याला कळेल.

विक्रांत खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे पाटलाला व्हिलन करायचं?"

"त्यानं तसं केलं तर तो आहेच व्हिलन."

"मॅम, तुम्हाला बाहेरची परिस्थिती माहिती नाही का? लोकांच्या भावना दुखावतील. पाटील व्हिलन, आणि वर हे पाट-बीट. लोक म्हणतील आमच्या बायकांची बदनामी केली. माझी आजी जरी ऐकत असली ना, ती म्हणेल, खानदानी घरात असलं काही नव्हतं."

"आजीला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात?"

"विचारून बघा. कदाचित ती सांगेल. आणि बदनामी कसली? नवरा मेलेली बाई दुसरा संसार मांडून चार पोरं वाढवते, ही बदनामी? आणि डोहात तरंगते, तो सन्मान?"

"तुम्ही पर्सनली घेताय."

"घेतेय!"

खरंच घेत होते. काय न्याय आहे पाहा. बाई मेली तर कुणाच्या भावना दुखावत नाहीत. उलट मेणबत्त्या लावतात, अमर प्रेम म्हणतात. तीच बाई जगली, कुंकू लावून पुन्हा चुलीपुढे बसली, की लगेच इतिहासाचा अपमान. म्हणजे मेल्यावर इतिहासात, आणि जगली तर घरातल्या अंधारात, कुणी नाव काढायचं नाही. सोनाबाईंच्या आईला हळदीला हात लावू दिला नाही तो काळ गेला म्हणायचा, आणि आज वातानुकूलित केबिनमध्ये बसून हा पोरगा तिला गोष्टीतही घेत नव्हता.

मी त्याला शोभाताईंच्या आईबद्दल सांगितलं. पातेल्यातला मोबाइल सांगितला. रोज बसणाऱ्या बाया सांगितल्या.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. मग म्हणाला, "एका लिसनरसाठी शेवट नाही बदलता येत मॅम. राइट्स आपल्याकडे आहेत. तिला लिहायचं नसेल तर नको लिहू दे."

"मग कोण लिहिणार?"

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लिहून देणाऱ्या एका प्रोग्रॅमला त्यानं आमचा आराखडा दिला आणि दोन ओळींची सूचना दिली. चहा येईपर्यंत चंद्रा मेली. 'लाटांनी तिला कुशीत घेतले' असं एक वाक्य त्यात होतं. गोदेच्या डोहाला लाटा!

"तुम्ही फक्त भाषा बघून घ्या," तो म्हणाला.

"नाही."

"मॅम..."

"नाही म्हणजे नाही. आणि साठही एपिसोडवरून माझं नाव काढा."

"शुअर," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला जरा वाईटच वाटलं. एडिटरचं नाव कुणी ऐकत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी.

बाराव्या एपिसोडमधला वस्तरा काढता येईल का, हेही मी विचारलं. त्या एपिसोडला सगळ्यात जास्त दाद आहे, त्यामुळे त्याला हात लावता येणार नाही, असं उत्तर आलं. माझीच करणी, मलाच भोवली. मंगळवारी रेकॉर्डिंग झालं. चंद्राचं काम करणारी मुलगी गुणी आहे. ती माइकसमोर खरोखर रडली. पाण्याचा आवाज साउंडवाल्यानं एका मोठ्या टबमध्ये वीट टाकून केला. मी तेव्हा नोकरी सोडून माझ्या टेबलाचे खण रिकामे करत होते.

साठावा एपिसोड आला त्या दिवशी विक्रांतनं मला खालच्या प्रतिक्रियांचा फोटो पाठवला. 'अमर प्रेम', 'रडवलंत', 'असं प्रेम आता होणे नाही'. खाली त्यानं लिहिलं होतं, 'सी, मॅम?' तो बरोबर होता. लोकांना आवडलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

मी तेव्हा शोभाताईंच्या ओसरीवर बसले होते. त्यांनीच बोलावलं होतं. आदल्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "आईला मी सांगणारे की मोबाइलात वेगळं आहे आणि माझं वेगळं आहे. खोटं नाही बोलणार. पण माझं वाचून तुम्ही दाखवा. मला वाचवणार नाही."

तीन वाजता बाया जमल्या. शोभाताईंनी सरळ सांगितलं, "आज मोबाइल लावायचा नाही. कंपनीनं शेवट बदलला. माझा शेवट मॅडम वाचतील." बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सोनाबाई नुसतं "वाचा" म्हणाल्या.

मी वाचलं. दागिने परत करण्याचा प्रसंग वाचला. अंधाऱ्या पंधरवड्यातली ती रात्र वाचली. रायाजी रुईच्या झाडाला हार घालतो आणि त्याचे सोबती हसतात, ते वाचलं. तिथे बायाही हसल्या. त्यातल्या एकीनं, जी आठवडाभर एक शब्द बोलली नव्हती असं शोभाताई नंतर म्हणाल्या, मध्येच सांगितलं की, आमच्या आजीसासूचापण पाट होता, पण घरात बोलायची चोरी. कुणी तिला गप्प केलं नाही. मी पुढे वाचत गेले. शेवटच्या पानापर्यंत पोचले.

सोनाबाईंनी डोळे पुसले नाहीत. त्या रडतच नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्यासारखं काहीतरी होतं.

"पोरं किती झाली तिला, ते नाय लिव्हलं शोभे," त्या म्हणाल्या.

"चार म्हणू का?"

"चार कशाला? सहा. म्या चवथी."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आन बाई, त्या मोबाइलात काय केलं तिचं?"

मी शोभाताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांगा.

"त्यात ती गोदेच्या डोहात जाते, मावशी. बुडून मरते."

 तिनं स्वतः उडी मारली असेल हे सोनाबाईंना सुचलंच नाही. चंद्रीसारखी बाई, हातीपायी धड, पाट लावायला गडी तयार, ती आपणहून डोहात कशाला जाईल?

"कोनी ढकललं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, "आम्ही."

हल्ली मी घरूनच स्क्रिप्ट तपासते. ऐतिहासिक प्रेमकथा पुष्कळ येतात आणि त्यांतल्या बऱ्याच नायिकांना शेवटच्या पानावर विहीर, डोह किंवा कडा सापडतोच. मी काट मारत नाही. लेखकाचा हक्क आहे. मार्जिनमध्ये फक्त सोनाबाईंचा प्रश्न लिहिते आणि पान परत पाठवते. ज्याच्याकडे उत्तर असतं त्याचा शेवट मी मुकाट्यानं पास करते.